सात हजार बेटांवरच्या नर्सेस

लंडन, न्यूयॉर्क, रियाध, दुबई. यातल्या कुठल्याही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीला फिलिपिनो नर्स हमखास भेटते. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश जगभरच्या रुग्णांच्या उशाशी उभा आहे. परदेशात पगार कितीतरी जास्त मिळतो, हे त्याचं कारण आहेच. पण गरीब देश तर पुष्कळ आहेत. मग इथल्याच मुली एवढ्या संख्येनं का निघाल्या?

शोध घेत मागे गेलं की आपण १८९८ सालाशी येऊन थांबतो. त्या वर्षी फिलिपिन्स स्पेनच्या हातून अमेरिकेच्या ताब्यात गेलं. १९०६ मध्ये इलोइलो इथं अमेरिकी मिशनऱ्यांच्या रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. मग अशा शाळा वाढत गेल्या. शिक्षण इंग्रजीतून, अभ्यासक्रम अमेरिकी वळणाचा. किती विलक्षण गोष्ट आहे ही! या मुली परदेशी वॉर्डात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून त्या वॉर्डासाठी घडत होत्या.

१९४८ मध्ये अमेरिकेनं परदेशी व्यक्तींना ठरावीक मुदतीसाठी प्रशिक्षणाला बोलावण्याची योजना आणली. फिलिपिनो नर्सेस मोठ्या संख्येनं गेल्या, आणि तिथल्या रुग्णालयांनी त्यांच्याकरवी आपल्याकडची नर्सेसची टंचाई भागवली. १९६५ च्या अमेरिकी कायद्यानं कायम स्थायिक होण्याचं दार उघडलं. १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या मार्कोस राजवटीनं कामगार परदेशी पाठवणं हे सरकारी धोरणच केलं. आता एका मुलीच्या पगारावर मागची भावंडं शिकू लागली, घरं उभी राहिली. या ओढीचा जोर एवढा, की २००० नंतरच्या काही वर्षांत फिलिपिन्समधले हजारो डॉक्टर पुन्हा वर्गात बसून नर्सिंग शिकले, कारण परदेशी जायला ती पदवी अधिक उपयोगी होती!

याची किंमतही मोजावी लागली. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो सुमारे ४ टक्के. पण कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत तिथं दगावलेल्या नर्सेसपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्या होत्या, असं तिथल्या परिचारिका संघटनेच्या मोजणीत दिसलं. त्याच काळात, एप्रिल २०२० मध्ये, फिलिपिन्सनं आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना परदेशी जायला तात्पुरती बंदी घातली. जगाला नर्सेस पुरवणाऱ्या देशाला स्वतःच्या रुग्णांसाठी त्या कमी पडत होत्या.

जाणाऱ्या मुलीला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. तिची वाट शंभर वर्षांत शाळांनी, कायद्यांनी आणि दुसऱ्यांच्या गरजांनी घडवली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये अशा भरतीसाठी आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक आहे. शिकून तयार झालेली नर्स जो देश बोलावून घेतो, त्यानं तिच्यामागून येणाऱ्या मुलींच्या शिक्षणाचा आणि तिनं सोडलेल्या वॉर्डाचा भारही उचलायला हवा. तिनं जावं की राहावं, हे मग तिच्या गरजेवर नाही, तिच्या मनावर ठरेल.