मेगर ‘उत्तम’ दाखवतो. पण तो खरा आहे का?

राइस मिलसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात इलेक्ट्रिशियनला काम मिळते. आयटीआयच्या या दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये मेगरने इन्सुलेशन तपासणे शिकवतात. प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी मात्र मेगरच तपासून घ्या.

कसे तपासाल? दोन्ही लीड वेगळ्या ठेवल्यावर काटा अनंतावर, एकमेकींना जोडल्यावर शून्यावर यायला हवा. शून्य आले नाही, तर लीड आतून तुटलेली असू शकते. अशी लीड खराब वायरिंगलाही ‘अनंत’, म्हणजे उत्तम ठरवते.

२३० व्होल्टच्या वायरिंगसाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरतात; रीडिंग किमान १ मेगाओम हवे. पुरवठा बंद असल्याची खात्री करूनच लीड लावा. परीक्षेत चुकले तर गुण जातात, कामावर चुकले तर जीव.