सांजधुक्यातील बाग

वाचकहो, ज्यांच्या सैन्याने आपल्या सख्ख्या बहिणीचा बळी घेतला, त्यांच्याच एका देशबांधवाच्या दारी तिच्या स्मारकासाठी याचना करण्याचा प्रसंग आपणावर आला, तर? तान त्वान एंग या मलेशियन लेखकाच्या ‘द गार्डन ऑफ ईव्हनिंग मिस्ट्स’ या इंग्रजी कादंबरीची नायिका युन लिंग हेच करते. ही कादंबरी २०१२ साली बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती, आणि पुढे ऐतिहासिक कादंबरीसाठीचे वॉल्टर स्कॉट पारितोषिकही तिला लाभले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरले आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. युन लिंग आणि तिची थोरली बहीण युन हाँग ह्या पेनांगच्या सुखवस्तु चिनी घराण्यातील मुली. त्या जपान्यांच्या छावणीत सापडल्या. युद्धापूर्वी क्योटो येथे पाहिलेल्या बागा युन हाँगच्या मनात घर करून होत्या. छावणीतील नरकात ती मनातल्या मनात एक बाग रचीत राही, आणि त्या बागेच्या आधारे दोघी दिवस ढकलीत. जिवंत परतली ती एकटी युन लिंग, तीही हाताची दोन बोटे गमावून.

१९५१ साली ती कॅमेरन हायलँड्सच्या डोंगराळ मुलखात येते. तेथे ‘युगिरी’, म्हणजे सांजधुके, नावाच्या उद्यानात आरितोमो हा जपानच्या सम्राटाचा एके काळचा माळी राहत असतो. बहिणीसाठी बाग करून देण्यास तो नकार देतो. मात्र पाऊसकाळ सुरू होईतो तू माझ्या हाताखाली काम कर, मग तुझी बाग तूच कर, असे तो सुचवितो. द्वेषाने भरलेली ही स्त्री मग दगड वाहू लागते.

कादंबरीचा खरा गाभा येथेच आहे. जपानी उद्यानविद्येत ‘शाक्केई’ नावाची एक युक्ती आहे. तिचा अर्थ उसने घेतलेले दृश्य. कुंपणाबाहेरचा डोंगर, आकाश, धुके यांना झाडांच्या नि दगडांच्या चौकटीत असे बसवावयाचे, की ते बागेचाच भाग वाटावेत. शिळा कोठे ठेवावी, किती पुरावी, तिचे तोंड कोणीकडे असावे, याचा विचार येथे फुलझाडांच्याही आधी होतो. शिकता शिकता युन लिंगच्या मनात त्या अबोल गुरूविषयी प्रीती अंकुरते. आपणांस ही प्रीती रुचेल की नाही, सांगवत नाही. प्रस्तुत लेखकाला ती प्रथम खटकली. बहिणीशी केलेला हा द्रोह तर नव्हे, अशी शंका नायिकेलाही छळते, आणि कादंबरीकार तिचे सोपे उत्तर देत नाही, हे त्याचे मोठेपण होय.

बाहेर शांतता नसतेच. जून १९४८ पासून मलायात आणीबाणी पुकारलेली. रानात कम्युनिस्ट बंडखोर दबा धरून असत. ६ ऑक्टोबर १९५१ रोजी तर हाय कमिशनर सर हेन्री गर्नी यांचीच हत्या झाली. शेजारच्या चहामळ्याचा मालक मॅग्नस हा बोअर युद्धात इंग्रजांशी लढलेला. म्हणजे पराभवाची जखम येथे एकट्या युन लिंगची नव्हे. या मळ्यांत राबणारे पुष्कळसे मजूर तमिळ होते. त्यांच्याच कितीतरी भाऊबंदांना जपान्यांनी सयाम–ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेऊन मारले. भारतीय वाचकाला वाटते, या माणसांना पुस्तकात आणखी थोडी जागा मिळती तर!

जपान्यांनी दडविलेल्या लुटीचे रहस्य मात्र कथेला थोडेसे जडच झाले आहे. तेथे पाने भरभर उलटलीत तरी चालेल. पण म्हातारपणीची युन लिंग सावकाश वाचा. न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन ती युगिरीत परतते, तेव्हा तिला असा आजार जडलेला असतो, की वाचता-लिहिता येणे हळूहळू संपणार. इतकी वर्षे जे विसरण्याची धडपड केली, तेच ती आता शब्द हाती आहेत तोवर घाईघाईने कागदावर उतरवू लागते, आणि खिडकीबाहेर आरितोमोची बाग रान माजून पडलेली असते.