उतारा उशाशी हवा

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातील एक रात्र आजही स्मरणात आहे. प्रसूतिकक्षात नुकत्याच जन्मलेल्या एका बाळाला आम्ही अँबू बॅगेने श्वास देत होतो. बाळ गुलाबी झाले, हृदयाचे ठोके शंभराच्या वर गेले; परंतु बॅग थांबवली की श्वासही थांबे. आईच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून तिला दीड-दोन तासांपूर्वी पेथिडिनचे इंजेक्शन देण्यात आले होते. वरिष्ठांनी बाळाच्या मांडीत नॅलॉक्सोनची छोटीशी मात्रा दिली. दोन-तीन मिनिटांतच बाळाने टाहो फोडला आणि आमचाही अडलेला श्वास सुटला.

नवजात पुनरुज्जीवनाच्या आजच्या पद्धतीत नॅलॉक्सोनला प्रारंभिक उपचारांत स्थान राहिलेले नाही. हवा देत राहणे हेच तिथे प्रमुख मानले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्रीची एक गोष्ट मनात घर करून राहिली. ते बाळ वाचले, कारण श्वास देणारा हात आणि औषध ही दोन्ही त्याच्यापासून वीतभर अंतरावर होती. हेच अंतर पाच किलोमीटरचे असते तर?

अफू, मॉर्फिन, हेरॉइन, ट्रॅमॅडॉल, फेंटॅनिल ही सारी एकाच कुळातील औषधे. मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रावरील विशिष्ट ग्राहकांना ती चिकटतात. मात्रा अधिक झाली की श्वास मंदावत जातो, ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि झोपेतच माणूस जातो. नॅलॉक्सोन त्याच ग्राहकांवर अधिक घट्ट बसते व आधीच्या औषधाला तेथून हुसकावते. आपल्या भाषेतील ‘उतारा’ हा शब्द इतक्या नेमकेपणाने लागू पडावा, अशी औषधे फार थोडी आहेत.

एका उताऱ्याची कथा

लेवेनस्टाइन व जॅक फिशमन या दोन संशोधकांनी १९६१ मध्ये या औषधाचे पेटंट मागितले. अमेरिकेत १९७१ साली त्यास मान्यता मिळाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आले. भूलतज्ज्ञांच्या पेटीत, अपघात विभागात, प्रसूतिकक्षात ते विसावले. पण ज्यांना त्याची खरी निकड होती, ते लोक मरत होते घरांत, गल्लीबोळांत, शौचालयांत. आणि बहुधा कोणीतरी शेजारी असतानाच. त्या शेजारच्या माणसाच्या हाती काही नव्हते.

या कथेतील सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट फिशमन यांच्याच घरातील आहे. त्यांचा सावत्र मुलगा २००३ साली हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. ज्या गृहस्थाने उतारा शोधला, त्याच्या कुटुंबातील तरुणापर्यंतही तो वेळेत पोहोचला नाही. औषध सापडले होते, स्वस्तही होते. पोहोचवण्याची व्यवस्था मात्र फार थोड्या ठिकाणी उभी राहिली होती.

औषध घरी नेण्याचा विचार

१९९६ साली लंडनचे जॉन स्ट्रँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, नॅलॉक्सोन रुग्णांच्या घरी का देऊ नये, असा प्रश्न मांडला. त्याच वर्षी शिकागोमध्ये डॅन बिग यांच्या शिकागो रिकव्हरी अलायन्स या संस्थेने व्यसनी व्यक्तींच्या व त्यांच्या सोबत्यांच्या हाती हे औषध देण्यास प्रारंभ केला. हे काम डॉक्टरांच्या संघटनेने नव्हे, तर रस्त्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी सुरू केले, हे आपण नम्रपणे नोंदवले पाहिजे.

पुढील अठरा वर्षांचा हिशेब अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. जून २०१४ पर्यंत दीड लाखाहून अधिक सामान्य लोकांना हे संच देण्यात आले होते आणि त्यांनी २६ हजारांवर प्रसंगी त्यांचा वापर करून माणसे शुद्धीवर आणल्याच्या नोंदी होत्या. मॅसॅच्युसेट्समधील १९ वस्त्यांच्या अभ्यासात (२०१३), जिथे असे प्रशिक्षण अधिक लोकांपर्यंत पोहोचले तिथे अतिमात्रेचे मृत्युदर जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. स्कॉटलंडने २०११ मध्ये ही योजना राष्ट्रीय पातळीवर स्वीकारली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट शिफारस केली, की अतिमात्रेचा प्रसंग ज्यांच्यासमोर घडण्याचा संभव आहे अशा प्रत्येकाला नॅलॉक्सोन मिळावे व ते देण्याचे शिक्षणही मिळावे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत त्याचा नाकात मारावयाचा फवारा चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. २०२२ या एका वर्षात त्या देशात सुमारे १ लाख ८ हजार माणसे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दगावली होती, हे ध्यानात घेतले की ही घाई समजते. आपल्यापैकी अनेकांची मुले व नातवंडे त्या देशात आहेत. तेथील वसतिगृहात असा फवारा भिंतीवर टांगलेला दिसला तर तो कशासाठी, हे आपल्यालाही ठाऊक असावे.

हा प्रश्न आपला आहे का?

‘आमच्याकडे दारू आहे, गांजा आहे, हे अफूचे प्रकरण दूरचे’ असे कोणी म्हणेल. पण अफू आपल्या घरांना कधीच परकी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना ‘बाळागोळी’ देऊन निजवीत. त्या गोळीत अफू असे. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक सर्वच अर्भकांना ती दिली जात असल्याचे आढळले. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांच्या कामाच्या ठिकाणी पाळणाघर नव्हते, इतकेच. पुढे १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ आली आणि त्या लाटेतून १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले.

आपल्याच मध्यप्रदेशात नीमच-मंदसौरकडे परवान्याने अफूची शेती होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात, तर साडेआठ लाख लोक अमली पदार्थ सुईने टोचून घेतात. यांत औषधांच्या दुकानातून मिळणाऱ्या गोळ्या व खोकल्याची औषधे यांचा वाटा मोठा आहे. बालरोगतज्ज्ञाला आणखी एक बाजू दिसते : आजोबांच्या वेदनाशामक गोळ्या किंवा जुलाबावरील डायफेनॉक्सिलेटची गोळी खेळता खेळता गिळलेले मूल. अशी औषधे कुलपात ठेवणे हा त्यावरील पहिला उपाय. गिळल्याची शंका आली तरी तत्काळ रुग्णालय गाठणे हा दुसरा.

भारतातही या उताऱ्याचा अनुभव आहे. मणिपूर व नागालँडमध्ये सुईने नशा करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आपल्या केंद्रांत नॅलॉक्सोन ठेवले व कार्यकर्त्यांना ते देण्यास शिकवले. त्या कार्यकर्त्यांपैकी अनेक जण स्वतः कधीकाळी त्याच वाटेने गेलेले होते. मध्यरात्री हाक आली तर दार कोणाचे ठोठवावे, हे वस्तीला त्यांच्यामुळे ठाऊक झाले.

संचात काय आणि शिकवायचे काय

आपल्याकडे नॅलॉक्सोन मुख्यतः ०.४ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमध्ये मिळते. त्यामुळे संच साधा असतो : दोन-तीन अँप्यूल, तितक्याच सिरिंज व सुया, हातमोजे, तोंडाला लावण्याचा श्वासपडदा आणि चित्रांसह सूचना असलेले मातृभाषेतील कार्ड. ही पेटी उन्हापासून दूर ठेवावी लागते. आपल्याकडचा मे महिना ध्यानात घेता हे विशेष सांगायला हवे. मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत वर लिहावी.

शिकवण्यास अर्धा तास पुरतो. हाक मारावी, छातीच्या मध्यभागी हाडावर मुठीने घासावे. जाग येत नाही, श्वास मंद वा घरघरणारा आहे, ओठ निळे आहेत, असे दिसताच १०८ ला कळवावे. श्वासमार्ग मोकळा करून दर पाच सेकंदांस एक श्वास द्यावा. मांडीच्या बाहेरच्या बाजूस एक अँप्यूल टोचावी. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवावे आणि सोबत थांबावे. हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. नॅलॉक्सोनचा प्रभाव तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो, मूळ नशेचा त्याहून अधिक टिकू शकतो. शुद्धीवर आलेला माणूस चिडतो, थरथरतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणून उठू पाहतो. त्याला एकटे सोडू नये. रुग्णालयात नेलेच पाहिजे.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात सामान्य माणूस अडतो तो काचेची अँप्यूल फोडताना. म्हणून प्रत्येकाकडून डिस्टिल्ड वॉटरच्या दोन अँप्यूल फोडून घ्याव्यात आणि टोचण्याचा सराव संत्र्यावर करवावा. आपल्याकडे संत्र्यांना तोटा नाही!

मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांवर हा उतारा चालत नाही. ट्रॅमॅडॉलवर तो अर्धवट चालतो आणि झटक्यांचा धोका राहतो. मात्र निदान चुकले तरी अफूवर्गीय औषध न घेतलेल्या माणसास त्यापासून सहसा अपाय होत नाही. सर्पदंशावरील लस आपण घरोघरी देऊ शकत नाही, कारण तिची तीव्र प्रतिक्रिया जीवावर बेतू शकते; येथे ती अडचण नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : यामुळे व्यसनी माणूस निर्धास्त होईल. नॅलॉक्सोनने शुद्धीवर येणे म्हणजे एका क्षणात नशा उतरून अंगभर वेदना सुरू होणे. ते पुन्हा अनुभवावे म्हणून कोणी जास्त मात्रा घेत नाही. शिवाय मेलेला माणूस व्यसनमुक्त होत नाही. उपचारासाठी तो आधी जिवंत असावा लागतो.

दुसरा आक्षेप : हे डॉक्टरांचे काम, सामान्यांच्या हाती सुई कशी द्यावी? याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोंदिया ओलांडले की पुढे गडचिरोली लागते. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळांना श्वास देण्यास व जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यास शिकवले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. तेव्हा बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या. माझ्याही चढल्या होत्या, हे मान्य करतो. आज देशभरातील आशा कार्यकर्त्या त्याच वाटेने घरी जाऊन बाळे तपासतात.

भरवेलीकरांना तर हे तत्त्व नव्याने सांगण्याची गरजच नाही. मँगनीजच्या या खाणीत माणसे शेकडो फूट खाली उतरतात. १९५५ च्या खाण नियमांनी प्रथमोपचाराची साधने व प्रशिक्षित माणसे कामाच्या जागीच असणे बंधनकारक केले आहे. प्रथमोपचाराची पेटी केवळ वर दवाखान्यात ठेवून चालत नाही, हे येथील प्रत्येक खाणकामगारास कळते.

तिसरी अडचण कायद्याची आहे. नॅलॉक्सोन स्वतः अमली पदार्थ नाही. पण ते चिठ्ठीनेच मिळते. म्हणजे या वाटेवरील पहिले दार आपल्याच लेखणीने उघडायचे आहे. दुसरे दार भीतीचे. रस्ते अपघातात मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले. अतिमात्रेच्या प्रसंगी मित्राला रुग्णालयात आणणाऱ्या मुलाला मात्र आजही पोलिसांचे भय वाटते. आपल्या दवाखान्याच्या दारात त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर तो पुढच्या वेळी येईल की पळून जाईल हे ठरते.

आपल्यापुरते

आपल्या संस्थेने मोठी योजना आखावी, असे मी म्हणत नाही. तीन ठिकाणांहून सुरुवात होऊ शकेल. व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन घरी परतणारा रुग्ण सर्वाधिक धोक्यात असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि मोहाच्या क्षणी तो जुनीच मात्रा घेतो. तुरुंगातून सुटलेल्याचेही तसेच. अशांच्या आईच्या किंवा पत्नीच्या हाती, घरी जातानाच, हा संच व अर्ध्या तासाचे शिक्षण द्यावे. दुसरे, दीर्घकाळ अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्यांची घरे. मात्र कर्करोगाच्या रुग्णाला योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनची भीती घालू नये, ते त्याच्या हक्काचे औषध आहे. तिसरे, आपल्या सदस्यांचे सर्व दवाखाने : तेथे नॅलॉक्सोन आहे का, मुदतीत आहे का, कोणत्या कपाटात आहे, हे रात्रपाळीच्या परिचारिकेलाही ठाऊक असावे.

एक वही ठेवावी. संच कोणास दिला, केव्हा वापरला, माणूस वाचला का, एवढेच लिहावे. वापरलेला संच परत घेऊन कोणी आला तर नवा द्यावा आणि उपदेश करू नये. तो परत आला, म्हणजे कोणीतरी वाचले असण्याचा संभव आहे.

त्या रात्रीच्या बाळाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. असेल तिथे ते आता तिशीच्या घरात असेल. त्या वेळी औषध व हात दोन्ही जवळ होते, हे त्याचे दैव. इतरांच्या बाबतीत ते दैवावर सोडण्याचे आता कारण उरलेले नाही.