भंडाऱ्यात कॅमेरा नेताना

सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघाली की जेजुरीचा गड पिवळा होतो. मुठीमुठीनं भंडारा उधळला जातो, त्याबरोबर खोबरंही उडतं, आणि पायऱ्या, दीपमाळा, माणसांचे चेहरे सगळं एकाच रंगात बुडून जातं. हे टिपायला आलेल्या फोटोग्राफरांचे कॅमेरेही त्यातून सुटत नाहीत. गडावर जाण्याआधी त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो: लेन्सवर फिल्टर लावायचा की नाही? दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, 'लावूनच न्या.' अनुभवी मंडळींपैकी निम्मे त्यावर नाक मुरडतात. पन्नास हजारांच्या लेन्सपुढे तीनशे रुपयांची काच कशाला, हा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे, कारण दुकानात 'यूव्ही' म्हणून जे हातात पडतं त्याचं मूळ काम केव्हाच संपलं. फिल्मला अतिनील किरण जाणवत. त्यामुळे उंचावरून काढलेल्या फोटोत दूरचे डोंगर निळसर, धुरकट दिसायचे, आणि ते टाळायला हा फिल्टर होता. डिजिटल कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी काच सेन्सरच्या पुढ्यातच बसवलेली असते. तेव्हा आजचा यूव्ही फिल्टर म्हणजे व्यवहारात एक साधी पारदर्शक काच. काही कंपन्या तर 'प्रोटेक्टर' याच नावानं ती विकतात.

मग ही काच धुळीपासून नेमकं काय वाचवते? लेन्सच्या पुढच्या भागावर बसलेले चार कण फोटोत दिसतसुद्धा नाहीत. ते इतके जवळ असतात की त्यांच्यावर फोकस होणं शक्यच नसतं. सूर्य समोर असेल तर धुळीचा थर चमकतो आणि फोटो फिका पडतो, एवढंच. खरं नुकसान होतं ते धूळ पुसताना. आपल्याकडच्या मातीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर, तर काच साडेपाच-सहाच्या आसपास. शर्टाच्या टोकानं किंवा गळ्यातल्या उपरण्यानं लेन्स पुसणारा माणूस काचेवर अक्षरशः पॉलिशपेपर फिरवत असतो. आणि त्या काचेवरचं कोटिंग केसाहूनही कितीतरी पातळ असतं.

भंडाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. हळदीची पूड मऊ असते, पण गर्दीत हाताचा घाम लागला की ती काचेला चिकटून बसते. तिचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं की डाग निघण्याऐवजी पसरतो. ब्लोअरनं आधी सुटी पूड उडवायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी अल्कोहोल असलेलं लेन्स क्लीनर मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेऊन पुसायचं. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात. गडाच्या पायऱ्यांवर धक्के खात हा सोपस्कार कुणी करत नाही. हाताला येईल त्यानं पुसलं जातं. फिल्टर लागतो तो याच क्षणासाठी: बेदरकारपणे पुसता यावं म्हणून. चरे पडले तर फिल्टरला पडतील. काही लेन्सच्या बाबतीत तर कंपनीच तसं सांगते. कॅननच्या १७-४० मिमी एल लेन्सचं धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं.

खोबऱ्याच्या वाटीचा मार मात्र फिल्टरवर सोपवू नये. त्याची पातळ काच लेन्सच्या जाड काचेच्या मानानं लवकर फुटते आणि तिचे तुकडेच आत ओरखडे काढू शकतात. त्यासाठी हूड आहे. तो उन्हाची तिरीपही अडवतो.

आता चंद्रपूरकडे वळू. ताडोब्यात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या जिप्सीत बसलेल्यांना धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. पुढच्या गाडीनं उडवलेला फुफाटा थेट अंगावर येतो. पण इथे माझं मत जेजुरीच्या बरोबर उलटं आहे. १५०-६०० मिमीच्या अनेक लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर लागतो, आणि त्या मापाचा चांगला फिल्टर स्वस्तात मिळत नाही. ६०० मिमी एफ/४ सारख्या अजस्र लेन्सना तर पुढून फिल्टर लावायची सोयच नसते. शिवाय जंगलातला उत्तम प्रकाश पहाटेचा, तिरपा. वाघ उजेडाच्या दिशेनं समोर आला आणि पुढे हलकी काच असली की सगळा फोटो धुवट. इथे खोल हूड लावावा, गाडी चालू असताना लेन्सवर उशीचा जुना अभ्रा घालावा आणि गाडी थांबली की काढावा. फिल्टरपेक्षा अभ्रा जास्त धूळ अडवतो.

कारण जंगलातली त्रासदायक धूळ पुढून येतच नाही. झूम करताना जी लेन्स लांब होते, ती बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेबरोबर फुफाटाही. लेन्स बदलायला कॅमेरा उघडला की धूळ सेन्सरवर जाऊन बसते. मग एफ/११, एफ/१६ वर काढलेल्या प्रत्येक फोटोत आकाशात तोच काळपट ठिपका त्याच जागी. यावर पुढच्या फिल्टरचा काडीचाही उपयोग नाही. धुळीत लेन्स बदलू नये, हाच त्यावरचा इलाज.

फिल्टर घ्यायचाच तर कोटिंगवर पैसे खर्च करा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. पृष्ठभाग दोन, म्हणजे जवळपास ८ टक्के. हा परतलेला प्रकाश नुसता वाया जात नाही, तो फोटोत नको तिथे उगवतो. रात्री दीपमाळेचा फोटो काढला तर दिव्यांची उलटी, भुतासारखी प्रतिमा चौकटीच्या विरुद्ध कोपऱ्यात दिसते. चांगल्या मल्टिकोटेड फिल्टरमध्ये हे खूप कमी होतं, पुरतं जात नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर फिल्टर काढावा, मात्र गर्दीपासून लांब जाऊन. माप लेन्सवरच ø या चिन्हापुढे लिहिलेलं असतं: ५८, ६७, ७७ वगैरे.

आट्यांमध्ये धूळ गेली की फिल्टर जाम होतो. अशा वेळी दोन बोटांच्या चिमटीत तो जोरानं आवळू नये. कडं लंबगोल होतं आणि अधिकच रुतून बसतं. त्याभोवती रुंद रबरबँड गुंडाळून सगळ्या बाजूंनी सारखा, हलका जोर लावावा. पितळी कड्याचे फिल्टर ॲल्युमिनियमच्या मानानं कमी अडकतात, म्हणून ते महाग असूनही घेण्याजोगे.

फोनवर फोटो काढणाऱ्यांना यातल्या कशाचीच गरज नाही. फोनच्या कॅमेऱ्यावर कंपनीनं आधीच एक काच बसवलेली असते. पुसण्याआधी ब्लोअर मारायचा नियम तेवढा तिथेही लागू.

थोडक्या पैशांत तयारी करायची असेल, तर आधी ब्लोअर घ्या, मग हूड. उरलेल्या पैशांत मल्टिकोटेड फिल्टर बसत असेल तरच घ्या. तीनशे रुपयांचा फिल्टर घेण्यापेक्षा लेन्स उघडी ठेवलेली बरी.