बक्षीस कशाला मिळालं, ते आधी बघा

सिडकोतल्या आमच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही, आणि नळाला पाणी कधी येईल ते महापालिकाच जाणे. अशा ठिकाणी बियाण्याच्या पाकिटावरच्या ‘पुरस्कारप्राप्त’ या शब्दाला किती भाव द्यायचा? द्यावा, पण बक्षीस कशाबद्दल आहे ते बघून.

अमेरिकेतली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ ही संस्था १९३२ पासून याच उद्योगात आहे. बाजारात न आलेले नवे वाण देशभरातल्या मळ्यांत जुन्या नावाजलेल्या वाणांशेजारी लावायचे, नाव झाकून, आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. १९९९ साली त्यांच्या सुवर्णपदकाची मानकरी ठरली ‘प्रोफ्यूजन’ झिनिया. साध्या झिनियाच्या पानांवर पावसाळा सरता सरता भुरी चढते, पीठ शिंपडल्यासारखी. प्रोफ्यूजनला ती सहसा लागत नाही. हे बक्षीस आपल्या कामाचं. कुंडीत खुशाल लावा.

भेंडीची गोष्ट निराळी. ‘क्लेमसन स्पाइनलेस’ला याच संस्थेने १९३९ साली गौरवलं. नावाप्रमाणे तिला काटेरी लव कमी, तोडताना हात फारसे खाजत नाहीत. पण आपल्याकडे भेंडीचा वैरी म्हणजे हळद्या. पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, मधला भाग हिरवाच राहतो, त्यामुळे पिवळी जाळी दिसते. मग अख्खं पान पिवळं, आणि शेंगा फिकट, निबर. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. अमेरिकेतल्या बक्षिसाला त्याची काय खबर?

त्यावर उतारा शोधला तो आपल्या शेजारच्या परभणीने. तिथल्या कृषी विद्यापीठाने ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचा रानभेंडीशी संकर करून १९८५च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ आणली. आता तिचा कस पूर्वीइतका राहिलेला नाही, तरी घरच्या चार कुंड्यांसाठी मी आजही तिलाच पुढे करीन.

गंमत अशी की, आपल्याकडे मान वाणापेक्षा माणसाला मिळतो. जालन्याच्या बद्रीनारायण बारवालेंनी बियाण्यांचा धंदा ‘पुसा सावनी’च्या जोरावर उभा केला, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावठी वाण जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. वाण मात्र बिनबक्षिसाचेच.

म्हणून दुकानात गेलात की चित्र बघू नका, पाकीट उलटं करा. उगवणशक्ती किती (भेंडीला किमान ६५ टक्के हवी), तपासणी कधीची, मुदत कधीपर्यंत. पाकिटावर ‘संकरित’ लिहिलं असेल तर पुढच्या वर्षी बी विकतच घ्यावं लागेल. परभणी क्रांती संकरातून आली असली तरी सरळ वाण आहे. दोन-चार शेंगा झाडावरच खडखडीत वाळू द्या आणि बी डब्यात भरून ठेवा. शेजारी दुसऱ्या वाणाची भेंडी नको, मधमाश्या भेसळ करतात. आणि पाकिटातलं बी गुलाबी-हिरवं दिसलं तर ते औषध लावलेलं आहे. नातवंडांच्या हाती देऊ नका.