‘रडू दे, आपोआप शिकेल’: क्रेटमधल्या पिल्लाविषयीचे गैरसमज

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्याच संध्याकाळी सल्ला मिळतो: क्रेटमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, दार लावा, दिवा घालवा आणि कितीही केकाटलं तरी ढुंकून बघू नका, दोन-तीन रात्रींत गप्प होतं. पुष्कळदा ते खरंच गप्प होतं. पण ते निर्धास्त झालं म्हणून गप्प झालं, की ओरडून कुणी येत नाही हे कळल्यामुळे थकून पडलं, हे बाहेरून दिसत नाही. थकून पडलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी क्रेटकडे नेताना पाय रोवून उभं राहतं, पलंगाखाली दडतं, आणि मग घरचे म्हणतात, ‘हट्टी आहे.’

हट्ट कसला? आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीविषयीच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे घरी येतं ते साधारण दोन महिन्यांचं, आणि कालच्या रात्रीपर्यंत भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपलेलं. या वयात एकटं पडल्यावर आकांत करणं हाच त्याचा जगण्याचा उपाय असतो, आई ऐकेल आणि येईल म्हणून. त्याला नाटक म्हणणं अन्यायाचं आहे. ‘जवळ गेलात तर रडायची सवय लागेल’ हेही भ्यालेल्या पिल्लाला लागू पडत नाही. धीर दिल्याने भीती वाढत नाही. थोडी कुरकुर करून मिनिटाभरात अंगाचं वेटोळं करून झोपणाऱ्या पिल्लाला खुशाल झोपू द्या. पण लाळ गळतेय, धाप लागलीय, जाळी चावतंय, पंजांनी दार खरवडतंय, आणि समोर ठेवलेल्या चिकनच्या तुकड्याला तोंडही लावत नाही, तर ती घबराट आहे. खाऊ नाकारणं ही सगळ्यांत सोपी आणि भरवशाची खूण.

‘कुत्रा मुळात बिळात राहणारा, त्याला बंद जागा आवडतेच’ हे वाक्य क्रेट विकणारे फार आत्मविश्वासाने सांगतात. लांडगा असो की कुत्रा, आडोशाची जागा लागते ती मादीला, विण्यासाठी आणि पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी. आयसर कोलकाता या संस्थेतल्या संशोधकांनी भटक्या कुत्र्यांच्या अशा जागांचा अभ्यास केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की माद्या विण्यासाठी माणसांच्या वस्तीजवळची जागा पसंत करतात. शिवाय त्या आडोशाला दार नसतं. आत-बाहेर करणं आईच्या हातात असतं, आणि थोडी मोठी झाल्यावर पिल्लांच्याही. कुत्र्याला कोपरा आवडतो हे खरं. कोंडून घेणं आवडतं, असं त्यातून निघत नाही.

पिल्लू नेमकं कशाला घाबरतंय, हे मात्र आधी तपासा. क्रेटजवळ तुम्ही बसलात की ते शांत होतं का? मग त्याला एकटेपणा सोसत नाही, आणि रात्री क्रेट पलंगाला लागून ठेवला, जाळीतून बोटं आत सोडली की बरंच काम होतं. पुढे क्रेट रोज थोडा थोडा लांब सरकवायचा. तुम्ही शेजारी असूनही दार लावताच धडपड सुरू होत असेल, तर त्रास कोंडण्याचा आहे. अशा पिल्लाला स्वयंपाकघराच्या दाराशी अडसर लावून किंवा घडीच्या जाळीचं मोठं कुंपण करून मोकळी जागा द्या.

क्रेट शिकवायचाच असेल, तर दार हा शेवटचा धडा. सुरुवातीला दार सुतळीने मागे बांधून टाका, म्हणजे ते हलून खडखडणार नाही. वाटी आधी उंबऱ्याशी, मग जरा आत. पहिल्यांदा पिल्लू मागचे दोन्ही पाय बाहेर रोवून मान लांब करतं, तुकडा उचलतं आणि झटकन मागे येतं. येऊ द्या. आत ढकलू नका. चारी पाय आपणहून आत टाकून ते तिथेच बसून खायला लागलं की दार नुसतं लोटा आणि खाणं संपण्याआधी उघडा. नंतर कडी. काही पिल्लं कडीच्या आवाजालाच बिचकतात, म्हणून पिल्लू बाहेर असताना कडी वाजवून खाऊ द्यावा. ताटलीला थापलेलं घट्ट दही चाटण्यात पिल्लू छान रमतं. काहींचं हे आठवड्यात जमतं, काहींना दोन महिने लागतात. आणि आत जाण्याआधी गळ्यातला पट्टा काढायलाच हवा, तो जाळीत अडकून फास बसू शकतो.

‘क्रेटमध्ये घाण करत नाही, म्हणजे ऑफिस सुटेपर्यंत राहील’ हा गैरसमज फ्लॅटमधल्या पिल्लांना सर्वांत महाग पडतो. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास शू धरू शकतं. नऊ तास कोंडलं तर ते नाइलाजाने अंथरुणातच करतं, आणि एकदा त्या घाणीत झोपायची सवय झाली की पुढचं शिकवणं अवघड होतं. एप्रिल-मे महिन्यांत क्रेट बाल्कनीत ठेवणं तर जिवावर बेतू शकतं. कुत्रा अंग थंड ठेवतो तो मुख्यतः धापा टाकून. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही.

‘परदेशात सगळे असंच करतात’ हेही खरं नाही. अमेरिकेत क्रेट घरोघरी दिसतो, पण स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडून ठेवण्याला कायदाच आडवा येतो. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे.

याचा अर्थ क्रेट वाईट असा नाही. शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, विमानप्रवास, दवाखान्यातला मुक्काम, या सगळ्यांत क्रेटला सरावलेला कुत्रा खूप कमी घाबरतो. म्हणून सावकाश शिकवणं फायद्याचंच. पण क्रेट सक्तीचा नाही. त्याच्याशिवायही कुत्री उत्तम वाढतात. जाळी चावून हिरड्यांतून रक्त आलं, नख तुटलं किंवा तुम्ही नुसत्या चपला घातल्या तरी पिल्लू थरथरू लागलं, तर त्याच दिवशी दार लावणं थांबवा आणि पशुवैद्यांना दाखवा. आणि शेजाऱ्यांनी तक्रार करण्याआधी त्यांना जाऊन सांगा की घरात पिल्लू आलंय, काही रात्री सांभाळून घ्या. बहुतेक जण घेतात.