चंचल मुलाला उत्तेजक औषध?

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच हा उत्तर ओरडून मोकळा व्हायचा. खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबणं त्याला जमत नसे. एकदा चेंडूमागे थेट रस्त्यावर धावला आणि रिक्षाखाली येता येता वाचला. नीट तपासणी करून, शाळेकडून माहिती घेऊन मी औषध लिहून दिलं. दुकानदार म्हणाला, ‘हे उत्तेजक आहे.’ ती तशीच परत आली. ‘‘डॉक्टर, आधीच हा इतका उड्या मारतो. त्याला आणखी चेव आणायचा का?’’

प्रश्न रास्त होता. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनाही असंच नवल वाटलं होतं. त्यांच्या रुग्णालयातल्या मुलांची एका तपासणीनंतर डोकी दुखत. त्यावर त्यांनी बेंझेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण काही मुलं शांत झाली, मन लावून अभ्यास करू लागली. मग तीस मुलांना आठवडाभर औषध दिलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली.

हे कसं होतं? आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग ‘थांब, आधी विचार कर’ असं सांगण्याचं काम करतो. त्यासाठी त्याला डोपामिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही रसायनं योग्य प्रमाणात लागतात. मेंदूच्या पेशी ती सोडतात आणि लगेच परत शोषून घेतात. मिथिलफेनिडेटसारखं औषध हे शोषण अडवतं. म्हणजे इथे उत्तेजन मिळतं ते मुलाच्या हातापायांना नव्हे, तर त्याच्या ब्रेकला. हे मोजताही येतं. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, पण मध्येच घंटा वाजली तर हात आवरायचा, अशी एक चाचणी असते. एडीएचडी असलेल्या मुलांना हात आवरायला जास्त वेळ लागतो. औषधानं तो कमी होतो.

पण हे गणित आमटीतल्या मिठासारखं आहे. कमी पडलं तर अळणी, जास्त झालं तर खारट. कोकेन किंवा मेथॲम्फेटामिन नशेसाठी घेतलं, की डोपामिनचा एकदम लोंढा येतो. असं वारंवार झालं की ते टिपणारी केंद्रं घटतात आणि कपाळामागचा तोच ब्रेक ढिला पडतो. आपलं नुकसान होतंय हे माणसाला कळतं, पण हात थांबत नाही. प्रमाण, वेग आणि घेण्याची रीत बदलली, की एकाच कुळातलं द्रव्य औषधाचं विष होतं.

म्हणूनच परीक्षेच्या दिवसांत मित्राच्या गोळ्या मागून घेणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते. जागरण होतं, बुद्धी वाढत नाही. छातीची धडधड, वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप आणि सवयीचा धोका मात्र पदरात पडतो. आपल्याकडे ही औषधं ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहेत. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची असते. हा नियम उगाच केलेला नाही.

त्या आईला मी हे सगळं समजावलं. लहान मात्रेनं सुरुवात केली. महिन्यानं ती म्हणाली, ‘‘डबा तसाच परत येतो हो. पण हाक मारली की आता थांबतो.’’ भूक कमी होणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास. आम्ही गोळी न्याहारीनंतर द्यायचं ठरवलं, दर भेटीला वजन आणि उंची मोजू लागलो. आणि तिला एक सांगितलं : गोळी मुलाला शहाणपण शिकवत नाही, ती फक्त थांबायला क्षणभर सवड देते. त्या क्षणात काय करायचं, हे आपणच त्याला शिकवायचं असतं.